प्रत्येक मुलाला समान प्राथमिक शिक्षण मिळण्यात नेमके अडते कुठे?

भारतासारख्या विकसनशील देशात प्रत्येक मुलाला समान दर्जाचे प्राथमिक शिक्षण अजून का मिळत नाही, असे आपण विचारले आहे. मी नंदुरबार जिल्ह्यातला, त्यामुळे उत्तरही इथलेच देतो.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा लागू झाला आणि प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरले. सातपुड्यातल्या पाड्यांना तो किलोमीटर नाले आणि टेकड्या ओलांडून मोजावा लागतो, हे सोडले तरी या साऱ्या मांडणीत मूल वर्षभर एकाच गावी राहते असे धरलेले आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तिथे आहे.

मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडण्यासाठी इथली असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. घरी भिली किंवा पावरी बोलणारे, शाळेत नुकतेच मराठी अक्षर गिरवू लागलेले मूल फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, पोहोचते तेव्हा जवळची शाळा गुजराती माध्यमाची असते. स्थलांतरित मुलांना प्रवेश देणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, असे कायदा सांगतो. परंतु प्रवेश मिळाला म्हणून शिकणे होतेच असे नाही. इकडे हजेरीपटावर नाव कायम असते, त्यामुळे असे मूल शाळाबाह्य मुलांच्या मोजणीतून सहज निसटते.

गंमत अशी, की फडांच्या वाटेवरचे सोनगढ आणि व्यारा हे भाग पूर्वी बडोदे संस्थानात होते, आणि तिथे सयाजीरावांनी १९०६ मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते.

गावातच मुलांची सोय करणारी हंगामी वसतिगृहे हा सरकारचा उपाय मला योग्य वाटतो, मात्र तो आजीआजोबांजवळ राहू शकणाऱ्या मुलांपुरताच चालतो. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी सोबत नेलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी त्यात बसत नाही. तिच्यासाठी आधी फडावर पाळणाघर हवे, त्याचा खर्च कारखान्यावर टाकावा, आणि दोन्ही राज्यांनी मिळून ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांसोबत मराठी शिकवणारा आणि शक्यतो मुलांची बोली जाणणारा शिक्षक पाठवावा. नव्या इमारतींपेक्षा या दोन गोष्टींवर मी आधी पैसा खर्च करीन.