प्याद्यांचा डाव आणि सीईटी

सांगलीहून एका आईने लिहिलं आहे: "मुलगा अकरावी सायन्सला आहे. जूनपासून रोज रात्री लॅपटॉपवर प्याद्यांचं बुद्धिबळ 'सोडवतोय'. राजा-वजीर नाहीत, दोन्हीकडे फक्त आठ-आठ प्यादी. ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. चार उभ्या पट्ट्यांच्या पटाचं उत्तर मिळालं म्हणतो, पूर्ण पटाला मशीन अडकतं. त्याचे बाबा म्हणतात, खेळायचंच असेल तर माणसांसमोर बसून खेळ, सांगलीत शिकवणारे कमी आहेत का? सीईटीचं काय होणार? त्याच्या वहीतलं एक पान पाठवते आहे, आम्हाला त्यातलं काही कळत नाही."

ताई, पान पाहिलं. तुमचा मुलगा खेळत नाहीये, हे आधी त्याच्या बाबांना सांगा. डाव 'सोडवणं' म्हणजे दोघांनीही अचूक खेळल्यास निकाल काय लागेल, हे एकही पळवाट न ठेवता ठरवणं. चेकर्स हा बुद्धिबळाच्याच पटावर सोंगट्यांनी खेळायचा डाव कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या जोनाथन शेफर यांनी १९८९ साली हाती घेतला आणि २००७ साली जाहीर केलं की अचूक खेळात तो बरोबरीत सुटतो. त्या डावात मांडण्या ५ वर २० शून्यं इतक्या. पण सिद्धतेसाठी कराव्या लागलेल्या गणना साधारण १ वर १४ शून्यं, एवढ्याच. बाकीचं बघावंच लागलं नाही. खरं कसब तिथे आहे. समोरच्याची एक खेळी खोडून काढणारं एक उत्तर सापडलं, की त्या खेळीवरची उरलेली उत्तरं तपासायची नाहीत. तीच मांडणी दुसऱ्या क्रमाने आली, तर जुना निकाल वापरायचा. हे दोन्ही त्याने केलंय. प्यादं मागे येत नाही, म्हणून डाव गोल गोल फिरत नाही, हेही त्याने समासात लिहिलंय. त्या ओळीसाठी मी त्याला शाबासकी देतो.

आता चूक. (हा परिच्छेद त्याला वाचून दाखवू नका.) पूर्ण पट अशक्य आहे हे दाखवायला त्याने हिशेब केलाय: पहिली आणि शेवटची आडवी ओळ सोडून उरलेल्या ४८ घरांत ८ पांढरी आणि ८ काळी प्यादी मांडायची, म्हणजे सुमारे २९,००० लाख कोटी मांडण्या. गुणाकार बरोबर आहे, पण नियम विसरलाय. प्यादं पट्टी बदलतं ते फक्त मारताना. सोळाही प्यादी पटावर असतील, तर कुणी कुणाला मारलेलंच नाही. म्हणजे प्रत्येक उभ्या पट्टीत एक पांढरं, एक काळं, आणि पांढरं कायम काळ्याच्या मागेच. सहा घरांत अशा जागा १५. आठ पट्ट्यांसाठी १५ आठ वेळा गुणा: २५६ कोटींच्या आसपास. कुठे २९,००० लाख कोटी आणि कुठे २५६ कोटी! मारामारी सुरू झाल्यावर संख्या पुन्हा फुगते, त्यामुळे पूर्ण पट सोपा झाला असं मी म्हणत नाही. पण तो भिंत समजून थांबलाय तिथे निदान काही भाग नुसता पडदा आहे.

करिअरचा प्रश्न मला इथेच दिसतो. त्याला एवढंच विचारा: "सोळाही प्यादी शाबूत असताना एका पट्टीत किती प्रकार होतात?" मग तो काय करतो ते बघा. लगेच कोड उघडून मोजणी चालवली, तर त्याला यंत्र चालवण्यात गोडी आहे. सीईटी किंवा जेईई देऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, सरळ रस्ता. कागद ओढून तासभर गप्प बसला, तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचा गणित आणि संगणकशास्त्र असा जोड बीएस्सी, किंवा इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे बंगळुरूचा बीमॅथ आणि कोलकात्याचा बीस्टॅट हे अभ्यासक्रम घरात बोलायला हवेत. त्यांच्या प्रवेशपरीक्षा स्वतंत्र असतात आणि तिथे पाठांतर फारसं चालत नाही. दोन्ही केलं तर उत्तम, घाई नको. इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाड ही शाळा-कॉलेजच्या मुलांसाठीची संगणकशास्त्राची स्पर्धा; तिच्या पहिल्या फेरीच्या, म्हणजे झेडआयओच्या (झोनल इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाड), जुन्या प्रश्नपत्रिका त्याला द्या. त्या कागद-पेनाने सोडवायच्या असतात. रविवारी दोन तास पुरेत.

सीईटीची तुमची काळजी खोटी नाही. या प्रोग्रामचा एकही मार्क तिथे मिळणार नाही, आणि रात्री दोनपर्यंत जागून सकाळी फिजिक्स होत नाही, हे मी बऱ्याच हुशार मुलांच्या बाबतीत पाहिलंय. लॅपटॉप काढून घेऊ नका, पण वेळ बांधून द्या. शनिवारची संध्याकाळ त्याची. आठवडाभर मशीनला जे जमलं नाही ते वहीत लिहायचं, शनिवारी बसवायचं.

आणि चार पट्ट्यांचं त्याचं 'उत्तर' तरी बरोबर आहे हे कशावरून? १९६२ साली गणिती कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी ३×३ पटाचा, तीन-तीन प्याद्यांचा हेक्सापॉन मांडला होता. त्यात प्यादं एकेकच घर चालतं, खेळी उरली नाही तर हार, आणि नीट खेळल्यास दुसरा खेळाडूच जिंकतो. हेच नियम त्याच्या प्रोग्रामला द्यायला सांगा. पहिला खेळाडू जिंकतो असं प्रोग्राम म्हणाला, तर चार पट्ट्यांचा निकालही पुन्हा तपासावा लागेल. काय आलं ते कळवा, आणि त्याच्या बाबांनाही त्या वेळी शेजारी बसवा.