पायथन सुरू होतानाच स्वतःच्या मॉड्यूलांचा मार्ग कसा द्यावा?

निपाणीच्या तंबाखू वखारीतील बिलांसाठी आपण लिहिलेले मॉड्यूल (इतर प्रोग्रामना वापरता येणारी पायथन कोडची फाइल) टर्मिनलमध्ये सापडते, पण रात्री क्रॉनने (ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सेवेने) चालवलेल्या प्रोग्रामला सापडत नाही, कारण मॉड्यूल कुठे शोधायचे ते पायथनला सांगणारे ‘पायथनपाथ’ हे चल आपण बॅशआरसी या, टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लिहिले आहे आणि क्रॉन ती फाइल वाचतच नाही. त्याऐवजी त्याच पायथनच्या साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये (जिथे बाहेरून बसवलेली मॉड्यूले असतात) ‘डॉट पीटीएच’ने संपणारी साधी मजकूर-फाइल ठेवून तिच्यात मॉड्यूलच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग एका ओळीत लिहावा, इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा प्रोग्राम) सुरू होताना ती वाचली जाते आणि तो मार्ग मॉड्यूल शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीच्या शेवटी जोडला जातो. मला हेच अधिक सुरक्षित वाटते, कारण पायथनपाथमधील फोल्डर पायथनसोबत येणाऱ्या प्रमाण लायब्ररीच्या आधी येतात आणि आपल्या फाइलचे नाव ‘कॅलेंडर’ असल्यास मूळ मॉड्यूल झाकले जाते. मार्ग चुकल्यास मात्र ती ओळ मुकाट्याने वगळली जाते.