आजीची नथ आणि बसऱ्याचे मोती

प्रश्न : ताई, लग्नात आजीने मला तिच्या सासूची नथ दिली, सगळी मोत्यांची आणि मधे एक लाल खडा. बसऱ्याचे मोती आहेत, जपून वापर असं ती कायम म्हणायची. परवा तार सैल झाली म्हणून सराफाकडे नेली तर तो म्हणतो हे साधे कल्चर्ड आहेत, पिवळट पण पडलेत, पांढरेशुभ्र बदलून देतो. मी दातावर घासून बघितलं, खरखरीत लागतात. म्हणजे ओरिजिनल ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगं आधी ती नथ घरी आण! दाताच्या टेस्टने एवढंच कळतं की मणी प्लास्टिकचा नाही. कल्चर्ड मोतीही खरखरीतच लागतो कारण तोही शिंपल्यातच वाढतो, फक्त सुरुवात माणसाने करून दिलेली असते. नैसर्गिक की कल्चर्ड हे एक्स-रे काढून कळतं, रत्नांच्या लॅबमधे करून देतात.

आणि पिवळट म्हणजे खराब नव्हे, आखाती मोत्याला साईसारखी पिवळसर झाक असतेच. गंमत म्हणजे बसरा हे इराकमधलं व्यापाराचं गाव, मोती निघायचे बहारीन, कतार, कुवेतच्या समुद्रात. उन्हाळ्यात पाणबुडे नाकाला चिमटा लावून पायाला दगड बांधून दोरीने खाली जायचे आणि बरेचसे शिंपले रिकामेच निघायचे. तो माल मग मुंबईला यायचा, इथे निवडून, भोकं पाडून, ओवून पुढे पॅरिसपर्यंत जायचा, त्यामुळे आपल्याकडच्या नथीत तो आला यात नवल काही नाही. जपानात मिकिमोतो यांनी 1893 मधे पहिला कल्चर्ड मोती काढला, पुढे ते स्वस्त मोती बाजारात आले, त्यात 1929 ची मंदी, आणि 1932 ला बहारीनमधे तेल सापडलं, मग मोत्यासाठी बुडी मारायला कोण जाणार. (बहारीनमधे आजही कल्चर्ड मोती विकायला बंदी आहे.)

म्हणून आजीच्या सासूची नथ साधारण कधी घडवली ते घरात विचार. 1920 च्या आधीची असेल तर मोती कल्चर्ड असायची शक्यता फारच कमी, नंतरची असेल तर मात्र लॅबशिवाय मी काहीच सांगणार नाही.

वापरताना पावडर, सेंट, हेअरस्प्रे सगळं आधी आणि नथ सगळ्यात शेवटी. लिंबू-व्हिनेगर तर अजिबात नको, मोती म्हणजे चुनाच, आंबटाने विरघळतो. तार मात्र बदलून घे, पण ओवताना समोर बसून राहा आणि मोती आधी मोजून घे.