वीजदरवाढीचे कारण खरे असले तरी लोकांना ते पटत का नाही?

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर या अविश्वासाचे मूळ दाभोळच्या वीजनिर्मिती प्रकल्पात आहे. 1995 मध्ये रद्द झालेला एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा हा करार नव्याने वाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला गेला, 1999 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि 2001 मध्ये, महाग विजेच्या वादातच, ती बंद पडली. राज्य वीज मंडळाने वीज उचलली नाही तरी प्रकल्पाला स्थिर आकार द्यावाच लागेल, ही त्या करारातील अट सामान्य माणसाच्या आजही गळी उतरत नाही. पुढे भारनियमन त्या त्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवरील (फीडरवरील) विजेची गळती आणि बिलांची वसुली पाहून ठरू लागले. हिशेब म्हणून ते समजण्यासारखे होते, पण नियमित बिल भरणाऱ्यालाही शेजाऱ्याने वीजचोरीसाठी तारेवर टाकलेल्या आकड्यापायी अंधारात बसावे लागले. त्यात बिलाची रचना अशी की दरमहाचा स्थिर आकार, वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा वहन आकार, इंधन व वीजखरेदीच्या खर्चानुसार बदलणारा इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर घरगुती ग्राहकाला 16 टक्के वीज शुल्क. युनिटचा दर तोच राहिला तरी रक्कम वाढू शकते. (हे बिल एका वाचनात समजणारा ग्राहक मला अद्याप भेटलेला नाही.) वीज नियामक आयोग दरप्रस्तावावर जाहीर सुनावणी घेतो, परंतु शेकडो पानांची ती याचिका वाचून हरकत नोंदवणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असते.