प्लीब म्हणजे नक्की काय, शिवी आहे का ती?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या मिलिटरी अकॅडमीत पहिल्या वर्षाच्या पोरांना प्लीब का म्हणतात आणि ही शिवी आहे का. सुरुवातीला हिणवायलाच म्हणायचे, पण आता इतका रुळलाय शब्द की अ‍ॅनापोलिसच्या नेव्हल अकॅडमीत पहिल्या उन्हाळ्यातल्या ट्रेनिंगचं ऑफिशियल नावच 'प्लीब समर' आहे.

मूळ जुन्या रोममधलं. तिथली बडी घराणी म्हणजे पॅट्रिशियन आणि बाकी सगळी सामान्य जनता म्हणजे प्लेब्स, त्यावरून इंग्रजीत प्लेबियन आणि ते तोडून प्लीब. म्हणजे सीनियर सरळ सांगतोय की बाळा, तू इथं सगळ्यात खाली.

आणि हे नुसतं नावापुरतं नव्हतं हां. पुढे अमेरिकेचा मोठा जनरल झालेला डग्लस मॅकआर्थर १८९९ ला वेस्ट पॉइंटला, म्हणजे अमेरिकन आर्मीच्या अकॅडमीत, प्लीब म्हणून आला तेव्हा त्याचंही बेक्कार रॅगिंग झालं, पुढे ऑस्कर बूझ नावाचा एक पोरगा अकॅडमी सोडल्यावर वारला आणि घरच्यांनी रॅगिंगला दोष दिला, प्रकरण थेट अमेरिकन काँग्रेसच्या कमिटीपर्यंत गेलं आणि १९०१ ला मॅकआर्थरला तिथं साक्ष द्यावी लागली. हाच माणूस १९१९ ला वेस्ट पॉइंटचा प्रमुख झाला आणि नव्या पोरांचं ट्रेनिंग त्याने सीनियर कॅडेटांच्या हातातून काढून ऑफिसरांकडे दिलं.

अ‍ॅनापोलिसला प्लीबपणा संपतो तो प्रकार तर आपल्या दहीहंडीसारखाच आहे, २१ फुटी हर्नडन स्मारकाला चरबी फासतात आणि सगळ्या प्लीबांनी थर लावून टोकावरची प्लीबची टोपी काढून तिथं सीनियरची टोपी ठेवायची. १९९५ ला चार तासांच्या वर लागले होते!

बाकी ठिकाणी शब्द वेगळे. एअर फोर्स अकॅडमीत 'डूली', तो ग्रीक 'डूलोस' म्हणजे गुलाम यावरून आला असं सांगतात. व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये सरळ 'रॅट'. सिटाडेल नावाच्या मिलिटरी कॉलेजात 'नॉब', कारण टक्कल केलेलं डोकं दाराच्या मुठीसारखं दिसतं, मला तर हाच सगळ्यात भारी वाटतो.

फक्त एक, साध्या भरतीतून आलेल्या नव्या सैनिकाला प्लीब म्हणू नका, त्याला रिक्रूट म्हणतात. आणि आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत फर्स्ट टर्मर म्हणतात कारण तिथं टर्म मोजतात, तीन वर्षांत सहा.