बीडमधून दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर बाहेर जातात, मग 2022 साली बीडचाच ऊस तोडायला माणसं का मिळाली नाहीत?

माणसं होती. एप्रिलमध्ये ती हंगाम आटपून गावात आलेली होती आणि माझा चार एकर ऊस रानात उभा होता. त्यामुळे ‘मजूरटंचाई’ हा शब्द मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. मजूर उसाकडं जात नाही, उचलीकडं जातो, म्हणजे हंगामाआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशाकडं. कुठला कोयता, म्हणजे तोडणाऱ्यांची जोडी, कुठल्या कारखान्याला जाणार हे आषाढ-श्रावणातच ठरून जातं. दिवाळीच्या तोंडाला गाड्या हलतात तेव्हा नुसतं ठरलेलं पार पडत असतं.

हे मी घरात बघितलेलं आहे. माझे चुलते, नाना, मुकादम, म्हणजे मजूर जमवून टोळी नेणारे. उभी हयात टोळ्या घेऊन कोल्हापूरकडं जाण्यात गेली. 2021 च्या पावसाळ्यात मी त्यांना म्हणालो, यंदा दोन टोळ्या इकडं ठेवा. जायकवाडी भरलंय, माजलगाव भरलंय, कालव्यावर जिकडं बघावं तिकडं ऊस आहे, हा तुटणार कसा? नाना म्हणाले, “आपला कारखाना उचल कधी देतो? पोळा झाल्यावर, ती पण अर्धी. तिकडचा माणूस जूनमध्ये पैसे घेऊन दारात उभा असतो. माझ्या माणसांनी पेरणी कशावर करायची?”

यात खोटं काही नव्हतं. शिवाय नवरा-बायकोच्या एका कोयत्याला उचल लाखाच्या घरात जाते आणि जोडी पळाली तर कारखाना मुकादमाच्या मानगुटीवर बसतो. एकदा पैसे उचलले की मग पुतण्याचा ऊस असो की स्वतःचा, टोळी फिरवता येत नाही. आणि मजुरी असते टनावर. तिकडचा ऊस सरळ, जाड, एकरी वजन जास्त. मोळी लवकर भरते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून बाजाराचा खर्च निघतो. आमच्याकडं लोळलेला, वेलींनी गुंतलेला फड तोडायचा तर तेवढ्याच घामात निम्मं वजन पडतं. मजुरानं कोल्हापूर धरलं तर त्याचं काय चुकलं?

पण नानांशी माझं भांडण आहे ते पुढच्या गोष्टीवर. आपल्या भागातल्या मुकादमांनी एकत्र बसून इकडच्या कारखान्याला ठणकावून सांगायला हवं होतं, की जूनमध्ये पूर्ण उचल टाका, आम्ही अमुक इतके कोयते देतो. नाना म्हणतात, कारखान्यानं आपणहून यायला पाहिजे. कारखाना म्हणतो, बँकेचं कर्ज मंजूर झाल्याशिवाय उचल कशी देणार? या तिघांच्या मध्ये मी ऊस धरून बसलेलो.

आता त्या हंगामाचं सांगतो. 2021-22 ला राज्यात सुमारे 1,320 लाख टन गाळप झालं, 137 लाख टन साखर निघाली, महाराष्ट्र उत्तर प्रदेशाच्या पुढं गेला. कौतुकाच्या बातम्या आल्या. आमच्याकडं मात्र धुराडी जूनपर्यंत पेटलेली होती आणि तरी ऊस संपत नव्हता. सरकारनं 1 मे पासून, 50 किलोमीटरच्या पुढं ऊस न्यावा लागला तर टनामागं दर किलोमीटरला 5 रुपये वाहतूक अनुदान आणि साखरेचा उतारा घटतो म्हणून टनाला 200 रुपये द्यायचं ठरवलं. तिकडचे कारखाने बंद झाल्यावर तिथली हार्वेस्टर इकडं वळवली. चांगलं केलं, पण हे सगळं मे महिन्यात! अनुदान कारखान्याला, रान जळत होतं आमचं.

माझा ऊस ऑक्टोबर 2020 ची लागण, 265 वाण, कारखान्याकडं नोंद वेळेत दिलेली. जानेवारीत जायला हवा होता. कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा, म्हणायचा, पुढच्या पंधरवड्यात नंबर लागेल. तुरे आले, तुरे वाळले. मार्चपासून ऊन असं पडलं की आठवड्याला पाणी द्यावं लागे, आणि पाणी कशाला द्यायचं, तर नुसतं वजन टिकवायला. एप्रिलमध्ये नाना परत आले. मी त्यांच्या माणसांकडं गेलो. सहा महिने पहाटे उठून कोयता चालवलेली माणसं ती. एकानं हात पुढं केला, बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या, त्यात चिकटा बसून काळं झालेलं. “भाऊ, तुमचं कळतंय, पण आता अंग चालत नाही.” घराघरात लग्न होतं, पेरणीची तयारी होती. त्यांना काय बोलणार?

शेवटी चार जोड्या तयार झाल्या, टनाच्या दराशिवाय एकरी वेगळे पैसे ठरवून. माणसं मिळाली तर गाडी नाही, कारण वाहतूकदारांचे करार संपलेले. कुणाकुणाच्या हातापाया पडून ट्रॅक्टर मिळवला, तर कारखान्याच्या अड्ड्यावर दोन-दोन दिवस लाइन. तुटलेला ऊस उन्हात एक दिवस पडला तरी वजन जातं. मधून चिरलेलं कांडं मी हातात घेऊन बघितलं, आत रस कमी आणि पांढरा कापूसच जास्त. एकरी जिथं पन्नास टनांची आशा होती तिथं तिसाच्या आसपास पडलं. शेजारच्यानं तर लवकर तुटावा म्हणून ऊस पेटवून दिला आणि जळालेल्या उसाच्या पैशातली कपात सोसली.

म्हणून सांगतो, नुसती माणसं हलवून हे सुटत नाही. तोडणी, गाडी आणि गाळपाची ताकद या तिन्हींचा मेळ जुलैत बसला पाहिजे. ज्या कारखान्यानं क्षमतेपेक्षा जास्त नोंदी घेतल्या आणि टोळ्या मात्र कमी बांधल्या, त्याला दंड व्हायला हवा. हार्वेस्टर हा उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आधी आमच्या रानाची सरी मोजावी. तीन-साडेतीन फुटात ते यंत्र चालत नाही, चार-पाच फूट लागतात, आणि पाऊस झाला की काळ्या रानात रुततं.

एक सांगायचं राहिलं. हे गोदाकाठच्या कालव्यावरचं बोलतोय. अंबाजोगाई, केज, धारूरकडची परिस्थिती वेगळी असू शकते. आणि दुष्काळी वर्षी सगळंच उलटं होतं, ऊस कमी आणि टोळ्या रिकाम्या. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तो आधीच वाढायला हवा होता. मजुराला जास्त मिळावं याच्या विरोधात मी नाही.

तुम्ही ऊस लावायच्या विचारात असाल तर नोंदीची पावती बघून खूश होऊ नका. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जाऊन विचारा, यंदा किती कोयत्यांचे करार झाले आणि उचल पूर्ण वाटली का. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर निम्म्या रानात सोयाबीन करा. नाना म्हणतात, असं विचारून कुणी सांगत नाही. मी दरवर्षी विचारतो. गेल्या वेळी शेतकी अधिकाऱ्यानं वही काढून आकडा दाखवला, आणि तो मी नानांना जाऊन सांगितला.