वाचकांचे प्रश्न : झऱ्यातले मॅनेटी पाहताना

प्रश्न : डिसेंबरअखेर फ्लोरिडात ऑरलँडोला असू. मॅनेटी (समुद्रगाय, पाण्यात राहणारा मोठा शाकाहारी सस्तन प्राणी) पाहायला ब्लू स्प्रिंग या झऱ्याच्या उद्यानात एकच दिवस जाता येईल. दिवस कसा निवडावा?

तारखेपेक्षा थर्मामीटर बघा. ब्लू स्प्रिंगच्या झऱ्याचं पाणी बारा महिने ७२ अंश फॅरनहाइट, म्हणजे २२ सेल्सियसच्या आसपास असतं. शेजारच्या सेंट जॉन्स नदीचं पाणी ६८ अंशांखाली (२० सेल्सियस) उतरलं की मॅनेटी उबेसाठी झऱ्यात शिरतात. हवा एका रात्रीत गारठते, नदी मात्र सावकाश निवते. त्यामुळे लागोपाठ दोन-तीन थंड रात्री झाल्या, की त्यापुढची सकाळ धरा. जानेवारी २०२४ मध्ये अशाच थंडीत इथे एका दिवशी ९३२ मॅनेटी मोजले गेले. १९७०च्या हिवाळ्यात मोजणी सुरू झाली तेव्हा ते जेमतेम १४ होते!

दुपारी जाऊ नका. झऱ्यात त्यांना चरण्याजोगं काही नसतं, म्हणून ऊन तापलं की बरेचसे नदीत खायला निघून जातात. उद्यान सकाळी ८ ला उघडतं. थंडीतल्या शनिवार-रविवारी वाहनतळ लवकर भरतो आणि मग फाटक बंद होतं, तेव्हा आठच्या आधीच रांगेत लागा. दोन ते आठ माणसांच्या गाडीला ६ डॉलर पडतात.

प्रश्न : त्यांच्यासोबत पोहता येतं का?

ब्लू स्प्रिंगला नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत तिथे पोहणं, डुबकी, होडी, सगळं बंद असतं. बघायचं ते साधारण अर्धा किलोमीटर लांबीच्या लाकडी पायवाटेवरून. पाण्यात उतरून बघायचं तर फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्रिस्टल रिव्हर गावी जावं लागतं. तिथल्या किंग्ज बे उपसागरात नियम पाळून पोहता येतं, पण १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च काही भाग बोये (तरंगत्या खुणा) लावून पूर्ण बंद ठेवतात. त्या रेषेच्या आत हातसुद्धा घालायचा नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर आमचं मत पायवाटेच्या बाजूने. वरून आख्खं जनावर दिसतं, आणि पिल्लू आईच्या वल्ह्यासारख्या हातामागे काखेत तोंड घालून दूध पितानाही दिसतं. पाण्यात उतरल्यावर पुष्कळदा नुसता ढवळलेला गाळच नशिबी येतो.

प्रश्न : मॅनेटी आपणहून जवळ येतात म्हणे. मग हात लावला तर काय बिघडतं?

तीन मीटर लांब, साडेचारशे किलोंच्या या देहाला बघून वाटतं की भरपूर चरबी असेल, थंडी काय करणार? पण देवमाशासारखा चरबीचा जाड थर त्याच्या अंगावर नसतो, आणि शरीरातली उष्णता तयार होण्याचा वेगही कमी असतो. गार पाण्यात फार काळ राहिला तर त्याच्या कातडीवर व्रण पडतात, खाणं सुटतं, आजार बळावतो आणि तो मरतोसुद्धा. झऱ्यात निजलेला मॅनेटी म्हणजे आळशी प्राणी नव्हे, तो ऊब राखून असतो. तुम्ही त्याला उठवलंत आणि तो वैतागून नदीकडे वळला, तर ती ऊब तुम्ही हिरावून घेतली.

दुसरं कारण होड्यांचं. माणसाच्या हाताला सरावलेला मॅनेटी होडीच्याही जवळ जातो. कित्येकांच्या पाठीवर पंख्याच्या पात्याचे समांतर वळ असतात. अभ्यासक त्या वळांवरूनच एकेक मॅनेटी ओळखतात. माणसाची सवय लागू नये म्हणूनच कोबीचं पान किंवा नळीचं गोडं पाणीही द्यायचं नाही.

पाण्यात असाल आणि तो जवळ आला तर आडवे तरंगत राहा, हात अंगाशी ठेवा, पाय मारू नका. पाठलाग करणं, घेरणं, निजलेल्यावर वरून बुडी मारणं, माय-लेकराच्या मध्ये जाणं हा सगळा छळच धरला जातो. १९७२ आणि १९७३च्या केंद्रीय कायद्यांखाली दंड ५०,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, शिवाय वर्षभराची कैद.

प्रश्न : सोबत काय न्यावं?

पोलराइज्ड चष्मा. पाण्यावरची चमक नाहीशी होते आणि करड्या ओंडक्यासारखं जे दिसत होतं त्याला शेपटी फुटते. फ्लॅश आणि ड्रोन नको.

आधी पाण्याचा पृष्ठभाग न्याहाळा. शेपटीच्या प्रत्येक फटक्यासरशी वर एक गुळगुळीत गोल चकती उमटते. चकत्यांची रांग जिकडे जाते, तिकडे तो चाललाय. मग थांबा. पोहणारा मॅनेटी दर तीन-पाच मिनिटांनी श्वासाला वर येतो, निजलेला वीस मिनिटंही लावतो. नाकपुड्यांची दोन झाकणं उघडतात, ‘फुस्स’ होतं आणि लगेच मिटतात.

प्रश्न : जखमी मॅनेटी दिसला तर?

ढकलू नका, ओढू नका. फ्लोरिडाच्या वन्यजीव आयोगाला १-८८८-४०४-३९२२ वर फोन करा. नेमकी जागा, अंदाजे लांबी, तो श्वासाला किती वेळाने येतो, पिल्लू सोबत आहे का, एवढं सांगा. शेपटीच्या मुळाशी पट्टा आणि मागे दोरीला तरंगता नळकांडा दिसला तर मात्र तो अडकलेला नसतो. ते उपग्रहाशी जोडलेलं माग काढायचं यंत्र असतं. दयाबुद्धीने कापू नका.